प्रायमरी मास्टर

दौलतरावांनी दुकानाची पाटी वाचली आणि तिथेच त्यांचं तोंड वाकडं झालं. 'पूर्वा कॉम्प्युटर्स, तसेच मिक्सर व पंखे दुरुस्ती.' कॉम्प्युटर आणि मिक्सर एका पाटीवर. पण परदेशीपुऱ्यात दुसरं मिळणार तरी काय? मिल बंद पडल्यापासून या वस्तीत ज्याला पाहावं तो काहीतरी थाटून बसलेला. कालपर्यंत ज्यांना तुटलेला धागा धड जोडता येत नव्हता ते आज झेरॉक्स काढतात, एसटीडीचं बूथ चालवतात आणि वर व्हिजिटिंग कार्ड देतात. दौलतराव असल्यांचं कार्ड घ्यायचे आणि त्यांच्यादेखतच त्याने कान कोरायचे.

ते स्वतः मिलचे वीव्हिंग मास्टर, म्हणजे विणाई खात्याचे मुख्य. होते म्हणायला हवं, कारण फाटकाला कुलूप लागून चार वर्षं झाली होती. पण सव्वीस वर्षं चारशे माग आपल्या शब्दावर चालले आणि आजोबा होळकरांच्या घोडदळात होते, या दोन गोष्टी समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळल्याच पाहिजेत, असा त्यांचा कटाक्ष. गल्लीत त्यांना अजून 'मास्टरजी' म्हणत. कोणी चुकून 'काका' म्हटलं, तर त्या दिवशी त्यांना कमी ऐकू यायचं.

दुकानाच्या तोंडाशी हरी बसला होता, मांडीवर कोणाच्या तरी मिक्सरची मोटर उघडून. हरी त्यांच्याच खात्यातला जॉबर. माग जुळवायचा, बिघडला तर दुरुस्त करायचा, आणि गुमान राहायचा. आत टेबलाशी त्याची मुलगी पूर्वा, चोवीस-पंचवीसची, हातात पेचकस. दौलतरावांनी रिक्षावाल्याकडून कॉम्प्युटरचा डबा टेबलावर ठेवून घेतला.

"टकटक वाजतो आणि सुरू व्हायला नखरे करतो. गुरुवारच्या आत पाहिजे."

"आज सोमवार. होऊन जाईल मास्टरजी," पूर्वा म्हणाली.

"होऊन जाईल नको. झालं पाहिजे. आत काय आहे ठाऊक आहे का तुला?"

तिला ठाऊक होतं, साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण आठवडाभर दौलतराव दुसरं काही बोलतच नव्हते. पिथमपूरला चादरी-टॉवेलची नवी कंपनी निघाली होती. परदेशी माग, एअर कंडिशन शेड. तिच्या जनरल मॅनेजरने त्यांना डिझायनरच्या जागेसाठी भेटायला बोलावलं होतं आणि येताना डिझाइनं घेऊन या, असं फोनवर बजावलं होतं. दौलतरावांचं वय चोपन्न. चार वर्षांत आलेलं हे पहिलं बोलावणं, आणि हेच शेवटचं, हे त्यांना मनातून पक्कं माहीत होतं. घर शशिकलाबाईंच्या शिकवण्यांवर चाललं होतं. बाई त्याबद्दल चकार शब्द काढत नसत, आणि नवऱ्याला नेमकं तेच सहन होत नव्हतं.

डिझाइनं त्या डब्यात होती, तीनशे बारा. मिलला आचके लागले होते तेव्हा वरच्यांना आधुनिकीकरणाची लहर आली आणि डिझाइन खात्यात हा कॉम्प्युटर आला. पुढे मिलच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाबरोबर तो दौलतरावांनी उचलला. प्रत्येक डिझाइनवर नाव त्यांचं. मिलची रीतच तशी होती. हरी ग्राफ कागदावर एकेक चौकोन काळा करून वीण काढायचा, कुठला धागा वर, कुठला खाली. मास्टर तो कागद हात लांब करून बघायचे आणि निळ्या पेन्सिलीने कोपऱ्यात सही ठोकायचे. सही झाली की डिझाइन मास्टरचं, आणि त्याच नावाने ते कॉम्प्युटरमध्ये जायचं. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. हरीलाही नाही, निदान त्याने तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पूर्वाने डबा उघडला, तासभर खटपट केली आणि निदान सांगितलं. "डिस्क थकली आहे. हिच्यावरचं विंडोज गेलंय, पण डिझाइनं सगळी जागेवर आहेत, मी पाहिली. आता असं करते, चाळीस जीबीची नवीन डिस्क लावते आणि विंडोज तिच्यावर टाकते. कॉम्प्युटर नवीनवरून सुरू होईल. जुनी चार जीबीवाली मागे बसेल, फक्त डिझाइनं सांभाळेल. तिला बिलकुल छेडायचं नाही."

"ठीक."

"आणि एक सीडी बनवून देऊ का? कॉपी असलेली बरी."

"कॉपी चोर करतात," दौलतराव म्हणाले. "माझ्या डिझाइनांची कॉपी तुमच्या मिक्सरच्या दुकानात राहायला नको."

हरीने मोटरमध्ये फुंकर मारून धूळ उडवली. पूर्वा म्हणाली, "हओ, जशी तुमची मर्जी," आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

संध्याकाळी दौलतरावांनी घरी कॉम्प्युटर सुरू केला. टकटक गेली होती. पण विंडोज यायच्या आधी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी उमटल्या, आणि मॅट्रिकला इंग्रजीत पहिला आलेला हा माणूस त्या वाचायला गेला. एका ओळीत लिहिलं होतं 'प्रायमरी मास्टर', पुढे नवीन डिस्कचा आकडा. खालच्या ओळीत 'प्रायमरी स्लेव्ह', आणि पुढे त्यांच्या जुन्या डिस्कचा आकडा.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. स्लेव्ह म्हणजे गुलाम. सव्वीस वर्षांची डिझाइनं ज्या डिस्कवर, ती गुलाम. आणि आज खोक्यातून निघालेली, जिच्यावर धड एक टॉवेल नाही, ती मास्टर. आणि हे केलं कोणी, तर हरीच्या पोरीने. मुद्दाम केलं असणार. बापाने सव्वीस वर्षं मान खाली घालून काढली, त्याचा पोरीने एका संध्याकाळी सूड घेतला.

"अहो, ते मशीनचं असतं काहीतरी," शशिकलाबाई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?" दौलतरावांनी फटकारलं. त्यांना स्वतःला काय कळत होतं, हे विचारायची सोय त्या घरात नव्हती.

त्यांनी विजय नगरला भाच्याला फोन लावला. भाचा अर्पित. विजय नगरात एका काचेच्या इमारतीत कॉम्प्युटर कंपनीत होता, गळ्यात टाय, कमरेला मोबाइल. कंपनीत तो नक्की काय करतो, हे अख्ख्या खानदानात कोणाला सांगता येत नव्हतं. सगळे आपले 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणत, जसं 'मिलमध्ये आहे' म्हणायचे. त्यात झाडूवालाही येतो आणि मॅनेजरही येतो.

मंगळवारी सकाळी अर्पित मोटरसायकलवर आला. काळा पडदा पाहिला, मामांची तक्रार ऐकली आणि हसला.

"अरे मामा, टेन्शन कायको घेता? पाच मिनटांचं काम आहे. डिस्कच्या पाठीमागे ही छोटीशी टोपी असते, जम्पर. हिची जागा चेंज केली की मास्टर स्लेव्ह होतो, स्लेव्ह मास्टर होतो. बस."

"मग कर. माझी डिस्क मास्टर पाहिजे."

अर्पितने नखाने दोन्ही टोप्या काढल्या, जागा बदलून बसवल्या आणि कॉम्प्युटर लावला. प्रायमरी मास्टर, आणि पुढे जुन्या डिस्कचा आकडा. दौलतरावांची छाती फुगली. मग पडदा तसाच राहिला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, विंडोज यायचं नाव घेईना. येणार कुठून? कॉम्प्युटर आता जुन्या डिस्कवरून उठायला बघत होता, आणि तिच्यावरचं विंडोज गेलंय हे पूर्वाने कालच सांगितलं होतं. पण दुरुस्ती करणाऱ्या पोरीचं बोलणं कोण लक्षात ठेवतो?

"विंडोज करप्ट आहे मामा. फ्रेश टाकावं लागेल."

"टाक. पण माझ्या डिस्कला धक्का लागता कामा नये."

"तुमच्या डिस्कला कोण हात लावतंय? मी फक्त सी ड्राइव्ह फॉर्मॅट करतो, म्हणजे साफ. त्या पोरीने विंडोज सीवरच टाकलं होतं ना? मतलब सी म्हणजे नवीनवाली. तुमची डी."

ऐकायला अगदी बरोबर वाटतं. विजय नगरात अशीच अक्कल विकतात. आता खरी गोष्ट अशी की सी हे काही कोणाचं जन्मनाव नाही. जी डिस्क मास्टर, तिला कॉम्प्युटर सी म्हणतो. सकाळपर्यंत नवीन डिस्क मास्टर होती म्हणून तिला सी म्हणत होते. अर्ध्या तासापूर्वी मामांच्या हुकमाने जुनीला बढती मिळाली आणि ते नाव तिच्याकडे गेलं. ज्या अक्षराला साफ करायला भाचा निघाला होता, ते मामांनी हट्टाने आपल्याच डिस्कला चिकटवून घेतलं होतं.

अर्पितने फ्लॉपी घातली आणि काहीतरी टाइप केलं. पडद्यावर इंग्रजीत इशारा आला की सीवरचं सगळं जाईल, पुढे जायचं असेल तर वाय दाबा.

"मामा, तुम्हीच दाबा. घरातले मोठे."

दौलतराव खुर्ची ओढून बसले. त्यांनी चष्मा सारखा केला, उजव्या हाताचं एक बोट काढलं आणि रुबाबात वाय दाबलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांची मंजुरी मागितली होती, त्याचं त्यांना बरं वाटलं. पडद्यावर टक्के चढत होते तोवर मामा-भाच्यांनी पोहे खाल्ले. मग दुपारपर्यंत नवीन विंडोज पडलं, आणि अर्पितने डी उघडून दाखवला. त्यात पूर्वाने टाकलेलं कालचं विंडोज होतं. बाकी काही नव्हतं.

त्याने सी उघडला. मग पुन्हा डी. मग टाय सैल केला.

"हार्डवेअर प्रॉब्लेम वाटतोय, मामा," तो म्हणाला, आणि त्याला ऑफिसची आठवण झाली. मोटरसायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत दौलतराव दारात उभे होते. 

तासाभरात ते डबा घेऊन पुन्हा परदेशीपुऱ्यात आले. पूर्वाने झाकण उघडलं आणि टोप्या पाहिल्या.

"कोणी केलं हे?"

"विजय नगरचा इंजिनिअर होता."

"टाय लावलेला?"

दौलतराव स्टूल ओढून बसले. ती दिवे लागेपर्यंत त्या डिस्कशी झटली. चाळीसेक फायली हाती लागल्या, त्यांची नावं तुटलेली, आणि उघडल्या तर आत नुसता कचरा. "साफ केलं तिथपर्यंत काही निघालं असतं," ती म्हणाली. "पण वरून विंडोज ओतलंत. आता नाही निघत."

"तू तिला स्लेव्ह का केलंस?" दौलतरावांचा आवाज चढला. "तिथून सगळं सुरू झालं."

पूर्वाने पेचकस खाली ठेवला. "मास्टरजी, एका केबलवर दोन डिस्क असल्या की कॉम्प्युटरला कळायला पाहिजे की कोण कोणती. त्यासाठी दोन नावं. ना कोणी मालक ना कोणी गुलाम, दोघींचं काम सारखंच. आणि तुम्हाला जुनीवरूनच सुरू करायचं होतं तरी टोपीला हात लावायची गरज नव्हती. सेटअपमध्ये एक ओळ असते, आधी कोणाला उठवायचं ते सांगणारी. ती बदलायची. नाही जमलं तर परत होती तशी करायची. काही पुसलं जात नाही. एक फोन केला असता तर मी सांगितलं असतं."

"तुला फोन करू?" हे शब्द त्यांच्या तोंडून गेले आणि ते किती पोकळ वाजले ते त्यांनाच ऐकू आलं.

"नका करू. डिझाइनं तर तुमचीच आहेत ना, डोक्यात असतील. आज मंगळवार आहे. मी ग्राफ कागद आणते, दहा-बारा काढून टाका."

ती साळसूदपणे म्हणाली, पण बघत होती थेट त्यांच्याकडे. पोरीला माहीत आहे, दौलतरावांना कळलं. घरात बोलणं झालेलं आहे. ही लहान असल्यापासून झालेलं आहे.

"मास्टर ड्राफ्ट काढत नसतो," ते म्हणाले. "मास्टर पास करतो."

"मग गुरुवारी काय पास करणार?"

"पूर्वा," हरीने मान वर न करता दटावलं. मग बराच वेळ त्याने हातातल्या वायरचं टोक सोललं. "मला याद आहेत मास्टरजी. सगळे नाही, पण बरेचसे. उद्या संध्याकाळपर्यंत काढून देतो."

दौलतरावांचा जीव भांड्यात पडला, आणि आपला जीव हरीच्या भांड्यात पडला याची त्यांना भयंकर लाज वाटली. लाज वाटली की ते करायचे तेच त्यांनी केलं. "चौकोन नीट भर," ते म्हणाले. "तुझी रेघेबाहेर जायची खोड आहे."

बुधवारी संध्याकाळी अठरा कागद तयार होते. हरीने सवयीने निळी पेन्सिल पुढे केली आणि दौलतरावांनी सवयीने अठरा सह्या ठोकल्या. हरीच्या मनात त्या वेळी काय होतं देव जाणे. पूर्वाच्या मनात काय होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं, पण ती बोलली ते फार गोड बोलली.

"बाबा, तुम्ही पण जा ना सोबत. मास्टरजी स्वतः कागद उचलणार का?"

दौलतरावांना ते पटलं. पाठीमागे एक माणूस असला की छाप पडते.

गुरुवारी दोघं पिथमपूरच्या बसमध्ये चढले. दौलतरावांना खिडकी मिळाली, हरी कागदांची गुंडाळी उभी धरून दारापाशी उभा राहिला. कंपनीच्या फाटकावर नावं लिहून घेतली तेव्हा दौलतरावांनी आपल्या नावापुढे 'वीव्हिंग मास्टर' लिहवलं आणि हरीच्या पुढे काहीच लिहवलं नाही.

जनरल मॅनेजर पस्तिशीचा निघाला, अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट. टाय नाही हे पाहून दौलतरावांच्या मनातून तो अर्धा उतरला. पण त्याने कागद एकेक करून नीट बघितले, घाई केली नाही, आणि सहाव्या कागदावर थांबला.

"ये बढिया है. ये मुझे चाहिए," तो म्हणाला. "बस एक बात है. ये बारह शाफ्ट का है, और हमारी नई मशीन पर आठ ही चलते हैं. इसको आठ में बिठा दीजिए, कपड़े का चेहरा यही रहना चाहिए." शाफ्ट म्हणजे मागावर उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटी; बारांचं काम आठांत बसवायचं होतं.

"हो जाएगा," दौलतराव म्हणाले. "दो दिन में भिजवाता हूं."

"दो दिन क्यों? अभी बना दीजिए. मैं बैठा हूं." त्याने कोरा ग्राफ कागद आणि पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली. त्यात खोच नव्हती. डिझायनर म्हणून आलेल्या माणसाला येईल तेवढंच त्याने विचारलं होतं.

दौलतरावांनी पेन्सिल उचलली. पहिला चौकोन भरला, कारण पहिला कुठलाही चालतो. दुसरा कुठला भरायचा हे त्यांना माहीत नव्हतं. त्या थंडगार खोलीत त्यांच्या कानामागून घाम निघाला. सव्वीस वर्षांत किती हजार कागद या हातांखालून गेले, आणि एकातही चौकोनानंतर चौकोन का येतो हे आपण विचारलं नाही. विचारायचं तर हरीलाच विचारावं लागलं असतं. भिंतीवरच्या घड्याळात सहा-सात मिनिटं गेली असतील. मॅनेजरने एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग सहीकडे, मग त्यांच्याकडे. हरी जमिनीकडे बघत होता. सांगितल्याशिवाय तो पुढे होणार नव्हता. हे दौलतरावांनीच त्याला शिकवलं होतं.

त्यांनी कागद हरीपुढे सरकवला. पेन्सिलही ठेवली.

हरीने एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग त्याने त्यांचा तो एक चौकोन रबराने पुसला आणि भराभर भरायला घेतलं. मध्येच थांबून त्याने मॅनेजरला विचारलं, "साहब, किनारा साथ में रखना है कि अलग?" मॅनेजर उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि हरीच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. दोघांची डोकी त्या कागदावर आली. बाकीचे सतरा मॅनेजरने ओढून घेतले आणि एकेकावर बोट ठेवून विचारू लागला, हे असं का, ते तसं का. हरी सांगत होता. एवढा बोलणारा हरी दौलतरावांनी कधी पाहिला नव्हता.

थोड्या वेळाने मॅनेजरच्या लक्षात आलं की खोलीत आणखी कोणी आहे.

"सर, आप बाहर आराम से बैठिए," तो अदबीने म्हणाला. "चाय भिजवाता हूं."

बाहेर सोफा होता. दौलतराव बसले. चहा आला, तो त्यांनी घेतला. दार बंद होतं आणि आतून हरीचा आवाज येत राहिला. अर्धा तास झाला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर उघडून त्यांना विचारलं, "अंदर जो डिझायनर साहब बैठे हैं, आप उन्हीं के साथ आए हैं ना?"

दौलतरावांनी कप खाली ठेवला.

"हां," ते म्हणाले. "उन्हीं के साथ."